एका नाताळगीताचा सातबारा

गिरगावात आमच्या चाळीपासून खोताची वाडी हाकेच्या अंतरावर होती, आणि त्या वाडीतल्या एका लाकडी जिन्याच्या घरात व्हायोलिन शिकवणारे एक वृद्ध गोवेकर गृहस्थ राहत असत. सगळी वाडी त्यांना अंकल म्हणे, म्हणून मीही अंकलच म्हणत असे. दोन वर्षे दर रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे जात होतो. व्हायोलिन मला फारसे आले नाही, मात्र पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येऊ लागली. डिसेंबर उजाडला की अंकल कपाटातून एक जुना छापील कागद काढत. त्याच्या कडा खळ लावून पातळ कागदाने सांधलेल्या होत्या आणि घडीवरची छपाई उडून गेली होती. वर मथळा होता ‘आदेस्ते फिदेलेस’, आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘पोर्तुगीज हिम’, म्हणजे पोर्तुगीज स्तोत्र. त्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून अंकल दर वर्षी तेच सांगत, “बघ, हे आमचं आहे. आमच्या राजानं केलेलं. इंग्रजांनी नंतर उचललं.”

‘ओ कम, ऑल यी फेथफुल’ या इंग्रजी शब्दांनी जगभर गायले जाणारे गाणे ते हेच. मूळ शब्द लॅटिन आहेत आणि त्यांचा अर्थ अगदी साधा आहे : श्रद्धावंतांनो, आनंदाने आणि विजयाच्या उल्हासाने बेथलेहेमला या, देवदूतांचा राजा जन्मला आहे त्याला पाहा, या, प्रभूला वंदन करू. चालही साधीच आहे. पेटीवर काढून पाहायची असेल तर पहिली ओळ ‘सा सा प सा रे प, ग रे ग म ग रे’ अशी येते, त्यातले दोन्ही पंचम मंद्रातले. सगळे स्वर शुद्ध, त्यामुळे आपल्या कानाला बिलावलाची ओळख पटते. खरी गंमत आहे ती ध्रुपदात. ‘वेनिते आदोरेमुस’ हे शब्द तीनदा येतात. पहिल्यांदा दोन-चार बारीक आवाज, दुसऱ्यांदा त्यात आणखी काही, आणि तिसऱ्यांदा सगळे चर्च. भजनात टाळकरी एकेक करून उठावेत आणि ध्रुपद चढत जावे, तसे ते चढते. हे गाणे एकट्याने म्हणण्यासाठी रचलेले नाही, एवढे तरी त्या तीन ओळींवरून कुणालाही कळेल.

पुढे पोटापाण्यासाठी मी जुन्या पोथ्यांच्या सूची करण्याच्या कामाला लागलो. कर्ता कोण, लेखनिक कोण, मालक कोण आणि पोथी सापडली कुठे, ही चार घरे वेगवेगळी भरायची, हा त्या कामातला पहिला धडा. पोथीच्या शेवटी ‘हस्ताक्षर अमक्याचे’ असे लिहिलेले असते आणि नवखा माणूस त्यालाच ग्रंथकार समजून बसतो. ती चूक मी स्वतः केलेली आहे आणि वरिष्ठांची बोलणीही खाल्लेली आहेत. अंकलच्या त्या कागदाची आठवण मला या कामामुळेच पुन्हा झाली, कारण या एका गाण्याच्या बाबतीत ती चारही घरे एकमेकांत अशी मिसळली आहेत, की त्याचा सातबारा काढायला बसले तर फेरफाराच्या नोंदीच वाचत राहाव्या लागतात. तेराव्या शतकातल्या संत बोनाव्हेंतुरापासून हँडल, ग्लुक आणि थॉमस आर्न या अठराव्या शतकातल्या संगीतकारांपर्यंत अनेकांची नावे मालकाच्या रकान्यात लागून गेली आहेत. मार्कुश पोर्तुगाल नावाच्या एका संगीतकाराचे नावही त्यात होते, बहुधा आडनावाच्या जोरावर. पण त्यांचा जन्म १७६२ सालचा आणि गाण्याची हस्तलिखिते त्याच्या कितीतरी आधीची, त्यामुळे ती नोंद खोडायला फार विचार करावा लागत नाही.

‘पोर्तुगीज’ हा शब्द मात्र इतक्या सहज खोडता येत नाही, कारण त्यामागे खरी घडलेली गोष्ट आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये कॅथलिक पंथाची उपासना उघडपणे करायला कायद्याने बंदी होती. मिस्सा म्हणणारा धर्मगुरू गुन्हेगार ठरत असे आणि कॅथलिक मुलांना शिकण्यासाठी समुद्र ओलांडून फ्रान्समधल्या दुए या गावी जावे लागे. तिथे १५६८ सालापासून इंग्रज कॅथलिकांचे विद्यालय होते. (याच दडपशाहीच्या सुरुवातीच्या काळात देश सोडलेला एक इंग्रज तरुण रोममार्गे १५७९ साली गोव्यात उतरला आणि त्याने मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचले. फादर स्टीफन्स आपल्याला लाभले, त्याच्या मागे इंग्लंडचे हे राजकारण आहे.) या बंदीला पळवाट एकच होती. परकी राजदूतांच्या निवासातल्या चॅपलला इंग्लंडचा कायदा लागू होत नसे, त्यामुळे लंडनचे कॅथलिक रविवारी पोर्तुगालच्या किंवा सार्डिनियाच्या वकिलातीत जमत. हळूहळू ही चॅपले संगीतासाठी इतकी नावाजली, की कॅथलिक नसलेली बडी मंडळीही तिथे गाणे ऐकायला जाऊ लागली.

त्यांपैकीच एक ड्यूक ऑफ लीड्स. जुने संगीत सादर करणाऱ्या लंडनमधल्या एका प्रतिष्ठित मैफलीचे ते संचालक होते. पोर्तुगीज वकिलातीच्या चॅपलमध्ये त्यांनी १७८५च्या सुमारास हे गाणे ऐकले, ते त्यांना फार आवडले आणि त्यांनी ते आपल्या मैफलीत आणले. पोर्तुगीजांच्या चॅपलमध्ये ऐकले म्हणजे पोर्तुगीजांचेच असणार, असे समजून त्यांनी त्याला ‘पोर्तुगीज हिम’ म्हटले, आणि मैफलीच्या प्रतिष्ठेमुळे ते नाव छापील कागदांवर चढले. तिथून ते अमेरिकेत गेले आणि तिथल्या भजनसंग्रहांत हीच चाल दुसऱ्या एका स्तोत्राला लावून तिच्यावर हे नाव छापले जाऊ लागले. तेच नाव कुठल्या तरी वाटेने गिरगावात अंकलच्या कपाटापर्यंतही येऊन पोहोचले. म्हणजे पोथी जिथे सापडली, त्या ठिकाणाचे नाव कर्त्याच्या घरात भरले गेले. आमच्या कार्यालयात या चुकीला लाल शाई ठरलेली होती.

पण ‘आमच्या राजानं’ हे अंकल कुठून म्हणत होते? तेही हवेतून आलेले नव्हते. पोर्तुगालचा राजा चौथा जुआंव हा संगीताचा खराखुरा जाणकार होता. त्याने व्हिला व्हिसोसा येथे संगीताची शाळा चालवली, आधुनिक संगीताची बाजू घेणारी पुस्तिका लिहिली आणि लिस्बनमध्ये संगीताच्या हस्तलिखितांचे असे ग्रंथालय उभे केले, की युरोपात त्याला तोड नव्हती. या गाण्याच्या १६४० सालच्या दोन प्रती व्हिला व्हिसोसाच्या राजवाड्यात मिळाल्या, असा हवाला त्याचे पाठीराखे देतात. मुंबईकराला या राजाची आणखी एक ओळख सांगायला हवी. त्याचीच मुलगी कॅथरिन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली गेली आणि १६६१च्या करारात मुंबईचे बेट आंदण म्हणून इंग्रजांकडे गेले. तोपर्यंत राजा वारला होता, पण सासर-माहेरचे नाते त्याच्याच घरातले. तेव्हा गिरगावात बसून एखादा गोवेकर या राजाला ‘आमचा’ म्हणतो, तेव्हा ती केवळ भाबडी गोष्ट राहत नाही.

तरीही माझा या दाव्यावर विश्वास बसत नाही. राजाचे ते ग्रंथालय १७५५च्या लिस्बनच्या भूकंपात नष्ट झाले, आणि जळून गेलेल्या ग्रंथालयात अमुक एक कागद नव्हता हे कुणालाही सिद्ध करता येत नाही. दाव्याचे बळ नेमके याच अडचणीवर पोसलेले आहे. शिवाय सतराव्या शतकाच्या मध्यावरच्या पोर्तुगीज चर्चसंगीताची घडण वेगळी आहे. हे गाणे ऐकताना, विशेषतः ते चढत जाणारे ध्रुपद ऐकताना, हँडलच्या काळातले इंग्लंड आठवते, शंभर वर्षे आधीचे लिस्बन आठवत नाही. हा कानाचा पुरावा आहे, कागदाचा नाही, हे मला मान्य आहे.

यात एक मजेदार साक्षीदार आहे. व्हिन्सेंट नोव्हेलो हे त्याच पोर्तुगीज चॅपलमध्ये अनेक वर्षे ऑर्गन वाजवत होते. ड्यूकची गोष्ट आपल्यापर्यंत आली ती त्यांच्याच लेखणीतून, आणि ती सांगताना नोव्हेलोंनी स्वच्छ लिहिले, की पोर्तुगीज हे नाव गैरसमजातून पडले आहे. इथवर ठीक होते. पण रिकामे झालेले घर त्यांना रिकामे ठेववले नाही. चाल जॉन रीडिंग यांची, म्हणजे सतराव्या शतकात विंचेस्टर कॅथीड्रलमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या संगीतकाराची आहे, असे त्यांनी ठोकून दिले. रीडिंगच्या काळातले एकही पान या दाव्याच्या बाजूने पुढे आले नाही. उलट त्याच नावाचा आणखी एक ऑर्गनवादक नंतरच्या पिढीत होऊन गेल्यामुळे गोंधळ आणखीच वाढला. पुढची कित्येक वर्षे भजनसंग्रहांत रीडिंगचे नाव छापले जात राहिले.

कागदाच्या पुराव्याकडे वळले की सगळ्या वाटा एकाच माणसाच्या अक्षरापाशी येऊन थांबतात. जॉन फ्रान्सिस वेड हा इंग्रज कॅथलिक गृहस्थ; धर्मगुरू नव्हे, प्रापंचिकच. दुएच्या इंग्रज वर्तुळाशी त्याचा संबंध होता. उपासनेच्या गाण्यांची पुस्तके हाताने नकलून देणे आणि लॅटिन व चर्चगायन शिकवणे, हा त्याचा व्यवसाय. छापखाने होऊन तीनशे वर्षे झाली होती. पण बंदी असलेल्या पंथाची पुस्तके छापणे आणि खपवणे जोखमीचे असल्यामुळे हाताने लिहिलेल्या प्रतींना मागणी होती. गाण्याच्या आपल्याला ठाऊक असलेल्या सर्वांत जुन्या प्रती १७४३-४४च्या आसपासच्या आणि त्यानंतरच्या आहेत. त्यांपैकी १७५१ची प्रत लँकशरमधल्या स्टोनीहर्स्ट विद्यालयात जपलेली आहे. बकफास्ट मठातले बेनेडिक्टाइन साधू जॉन स्टीफन यांनी या प्रती एकमेकांशेजारी ठेवून अभ्यास केला आणि १९४७ साली एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. अक्षर सगळीकडे वेडचे आहे, आणि त्याच्या आधीची एकही प्रत नाही, तेव्हा शब्द आणि चाल दोन्ही वेडचीच, असा त्यांचा निष्कर्ष होता. शब्द प्रथम छापले गेले १७६० साली आणि चाल १७८२ साली, सॅम्युएल वेब यांच्या चर्चगायनाच्या पुस्तकात. हे वेबही पोर्तुगीज चॅपलचेच ऑर्गनवादक.

माझा सूचीकाराचा हात इथे अडखळतो. अक्षर वेडचे आहे, म्हणजे लेखनिकाचे घर भरले. कर्त्याचे घर अजून भरायचे आहे. आपल्याकडे संतांनी शेवटच्या चरणात नाममुद्रा घालून ठेवली, आणि तरीही ‘तुका म्हणे’ लिहून कितीजणांनी आपले अभंग गाथेत घुसवले. या लॅटिन गाण्यात तर मुद्राच नाही. वेड १७८६च्या ऑगस्टमध्ये पंच्याहत्तराव्या वर्षी वारला, तेव्हा कॅथलिकांच्या वार्षिक पुस्तकात त्याच्या निधनाची नोंद आली. आमची चॅपले आणि आमची घरे याच्या सुंदर हस्तलिखितांनी भरलेली आहेत आणि याचे आयुष्य ती लिहिण्यात व गायन शिकवण्यात गेले, अशा आशयाची ती कृतज्ञ नोंद आहे. तोपर्यंत हे गाणे लंडनच्या चॅपलांत सर्वतोमुखी झालेले होते, आणि त्या नोंदीत त्याचा उल्लेख नाही. ज्यांनी त्याला रोज पाहिले, त्यांच्या लेखी तो उत्तम अक्षराचा मास्तर होता.

दुसऱ्या बाजूला, सुरुवातीच्या प्रतींत शब्दांचे लहान लहान फेरफार दिसतात. पोटासाठी नकल करणारा माणूस असे फेरफार सहसा करत नाही. आपले स्वतःचे गाणे अजून घडते आहे असे वाटणारा करतो. अर्थात, नकलकारांनी पाठ बदलल्याची आपल्याकडे काय कमतरता आहे? नाथांना शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध करायला बसावे लागले ते त्याचमुळे. तरीही सगळा हिशेब मांडल्यावर, शब्द वेडचेच असावेत असे माझे मत आहे. चालीबद्दल मी तेवढ्या खात्रीने बोलणार नाही. १७४४ साली पॅरिसमधल्या एका विनोदी संगीतिकेत याच्याशी मिळतीजुळती चाल आढळते. रंगभूमीवरची चाल देवळात आली की देवळातली रंगभूमीवर गेली, याचा निवाडा दोन्हींची साले इतकी जवळ असताना करणे कठीण आहे. आपल्याकडे कीर्तनाच्या चाली नाटकात आणि नाटकाच्या चाली भजनात अशी देवघेव पिढ्यान् पिढ्या चाललेली आहे, त्यामुळे मराठी माणसाला यात धक्का बसण्यासारखे काही नाही.

या वादाचे सर्वांत रंगतदार प्रकरण मात्र राजकीय आहे. १६८८ साली कॅथलिक राजा दुसरा जेम्स इंग्लंडच्या गादीवरून गेला. त्याचा मुलगा रोममध्ये परागंदा राहून स्वतःला राजा म्हणवत राहिला, आणि त्याच्या बाजूच्या लोकांना जेम्सच्या लॅटिन रूपावरून जॅकोबाइट म्हणत. नातू चार्ल्स एडवर्ड रोममध्येच १७२०च्या डिसेंबरअखेर जन्मला. इंग्लंडच्या तेव्हाच्या जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे २० डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या तोंडावर. १७४५ साली तो स्कॉटलंडमध्ये उतरला, फौज घेऊन डर्बीपर्यंत आला आणि १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर कायमचा हरला. डरहम विद्यापीठातले संगीताभ्यासक बेनेट झॉन यांनी २००८ साली असे मांडले, की हे गाणे म्हणजे या राजपुत्राच्या जन्माचे गुप्त स्वागतगीत आहे. श्रद्धावंत म्हणजे एकनिष्ठ जॅकोबाइट, बेथलेहेम म्हणजे सांकेतिक भाषेत इंग्लंड, आणि ‘रेजेम आंजेलोरुम’, देवदूतांचा राजा, म्हणजे ‘रेजेम आंग्लोरुम’, इंग्रजांचा राजा.

शब्दांचा हा खेळ जुना आहे. रोमच्या बाजारात गोरी इंग्रज मुले पाहून पोप ग्रेगरी त्यांना अँग्ली नव्हे, एंजेली म्हणाले, ही कथा इंग्रज कॅथलिकांना घरोघरी ठाऊक होती. पण हा श्लेष कानाचा नाही, डोळ्याचा आहे. लॅटिन मोठ्याने म्हणताना ‘आंजेलोरुम’ आणि ‘आंग्लोरुम’ एकमेकांत मिसळत नाहीत. ‘ज’ आणि ‘ग’ स्पष्ट वेगळे ऐकू येतात. कागदावर मात्र मधला एक स्वर गाळला की एकाचे दुसरे होते. म्हणजे हा संकेत असलाच, तर तो गाणाऱ्यांसाठी नव्हता, लिहिणाऱ्यासाठी आणि वाचणाऱ्यासाठी होता. आणि आपला माणूस तर हयातभर लिहिणाराच होता. शिवाय ज्या प्रतीला स्टीफन यांनी सर्वांत जुनी मानले, तिच्यातच ‘प्रभो, आमच्या जेम्स राजाचे रक्षण कर’ अशी लॅटिन प्रार्थना लिहिलेली आहे. तेव्हा वेड कुणाच्या बाजूचा होता याविषयी शंका राहत नाही.

तरीही लेखनिकाची निष्ठा ही एक गोष्ट आणि गाण्याचा अर्थ ही दुसरी. राजा, जन्म, श्रद्धावंत आणि बेथलेहेम हे शब्द टाळून नाताळचे गाणे लिहून दाखवा म्हटले, तर कुणालाही जड जाईल. १९०७च्या ‘कीचकवधा’त कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे पिटातल्या प्रेक्षकालाही कळले होते आणि सरकारलाही, म्हणून तर १९१०मध्ये नाटकावर बंदी आली. इथला संकेत बराच काळ लोटल्यावर अभ्यासकांनी उलगडला आहे. मला तो खोटा वाटत नाही, पण सिद्ध झालेलाही वाटत नाही. वेडने देवाचा राजा आणि आपला राजा एकाच वहीत, एकाच शाईने लिहिले, आणि कदाचित एकाच श्वासात मनात आणले. त्यापलीकडे जाऊन गाण्याला कूटलेख म्हणायला मी धजणार नाही.

नंतरचे फेरफार भराभर सांगता येतात. फ्रेंच राज्यक्रांतीमुळे इंग्लंडमध्ये आश्रयाला आलेल्या बोर्देरी नावाच्या धर्मगुरूने गाणे ऐकले आणि त्यात स्वतःची कडवी घातली. ज्ञानेश्वरीत ओवी घालणे म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी ठेवणे, असे नाथांनी बजावले होते. इथे कुणी हरकत घेतली नाही आणि ती कडवी आजही गायली जातात. लंडनच्या मार्गारेट चॅपलचे फ्रेडरिक ओकली यांनी १८४१ साली इंग्रजी भाषांतर केले, त्याची सुरुवात वेगळीच होती आणि ती लोकांच्या जिभेवर बसेना. चार वर्षांनी ते स्वतः कॅथलिक झाले, पुढे ओळ बदलली आणि आजचे रूप तयार झाले. गोव्यात मात्र मध्यरात्रीच्या मिस्सेला लॅटिन शब्दच अनेक पिढ्या गायले गेले, आणि सणाला आपण म्हणतो तो ‘नाताळ’ हा शब्द तर निःसंशय पोर्तुगीजच.

हे सगळे गोळा झाल्यावर एका डिसेंबरात मी वाडीत गेलो. अंकलनी ऐंशी ओलांडली होती, शिकवणे बंद होते, पण व्हायोलिन भिंतीवर होते. मी त्यांना ड्यूकची गोष्ट सांगितली, भूकंपात जळालेल्या ग्रंथालयाची सांगितली आणि वेडचीही सांगितली. ते शांतपणे ऐकत होते. मग मी वेडच्या हस्तलिखितावरून उतरवलेला कागद त्यांच्या हातात दिला. आज आपण हे गाणे चारच्या ठेक्यात म्हणतो. जुन्या प्रतींत ते तीन मात्रांच्या चालीत आहे, पहिला स्वर लांब, पुढचा आखूड. मी ते घरी पेटीवर वाजवून पाहिले होते आणि मला त्यात दादरा ऐकू आला होता. तसे मी बोललोही.

अंकलनी चष्मा लावला, कागद खिडकीच्या उजेडात धरला, व्हायोलिन उतरवून तारा जुळवल्या आणि वाजवायला लागले. दोन ओळी झाल्यावर त्यांचा पाय जमिनीवर हळूच तीन मोजू लागला. ध्रुपदापाशी ते थांबले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “दादरा कसला रे? हो आमचो गोंयचो मांडो न्हय?” आणि पहिल्यापासून पुन्हा वाजवायला घेतले, या वेळी अर्ध्या लयीत.